स्मरण किती, रंजन किती? : अमेरिकी दूरचित्रवाणीवरील वेस्टर्न मालिका

'स्मरणरंजन' हा शब्द मराठी समीक्षेत बहुधा हिणवण्यासाठीच वापरला जातो. एखादे पुस्तक गतकाळात रमणारे असले की त्यावर हा शिक्का मारून समीक्षक मोकळा होतो. पण हा शब्द उलगडून पाहिला तर त्यात दोन वेगळ्या क्रिया एकत्र नांदताना दिसतात. स्मरण म्हणजे जे घडले, जे पाहिले, ते आठवणे. रंजन म्हणजे मन रमवणे, आणि त्या धातूच्या मूळ अर्थाने, रंगवणे. गतकाळाविषयीच्या कोणत्याही ओढीत स्मरण किती आणि रंजन किती, हे तपासणे आम्हांला समीक्षेचे काम वाटते. या तपासणीसाठी आम्ही मुद्दाम एक दूरचे उदाहरण घेतले आहे. ते आहे अमेरिकेतील दूरचित्रवाणीवरच्या वेस्टर्न मालिकांचे, आणि त्या मालिका पाहत वाढलेल्या पिढीला आजही त्यांच्याविषयी वाटणाऱ्या हळवेपणाचे.

ही ओढ आमची नाही, हे आधीच सांगितले पाहिजे. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, तोवर या मालिकांचा बहर ओसरत आला होता. दुसऱ्या महायुद्धानंतर जन्मलेल्या अमेरिकी मुलांनी मात्र त्या रात्रीच्या जेवणानंतर आईवडिलांच्या शेजारी बसून पाहिल्या. १९५८-५९ च्या हंगामात सर्वाधिक पाहिल्या गेलेल्या कार्यक्रमांत पहिले चारही वेस्टर्न होते : 'गनस्मोक', 'वॅगन ट्रेन', 'हॅव गन, विल ट्रॅव्हल' आणि 'द रायफलमन'. त्या पिढीने आता सत्तरी ओलांडली आहे. तिच्यासाठी मीटीव्ही, ग्रिट अशा वाहिन्या जुने भाग पुन्हा पुन्हा दाखवतात आणि ते आवडीने पाहिले जातात. ज्यांचे बालपण त्यात गुंतलेले नाही, अशांनी बाहेरून पाहिले तर काही गोष्टी अधिक स्पष्ट दिसतात, एवढाच आमचा अधिकार.

प्रथम या मालिकांच्या गुणांची नोंद केली पाहिजे. कारण त्या आठवणीतल्यापेक्षा खरोखरच चांगल्या आहेत. 'गनस्मोक' १९५२ मध्ये रेडिओवर आणि १९५५ मध्ये दूरचित्रवाणीवर आली, ती १९७५ पर्यंत चालली. तिचे ६३५ भाग झाले. कॅन्सस राज्यातील डॉज सिटी या गावचा मार्शल मॅट डिलन हा तिचा नायक. सुरुवातीच्या अनेक भागांत तो गावाबाहेरच्या कब्रस्तानात उभा राहून, इथे पुरलेल्या माणसांविषयी स्वतःशीच बोलतो आणि मग गोष्ट सुरू होते. बंदूक चालवणे हे ज्याचे काम आहे, त्याला त्या कामाचे ओझे वाटते, ही मुलांच्या करमणुकीची कल्पना नव्हे. 'द रायफलमन'मध्ये एक विधुर बाप आपल्या लहान मुलाला एकट्याने वाढवतो. पुढे मोठा दिग्दर्शक झालेल्या सॅम पेकिनपाने तिचा पहिला भाग लिहिला होता. 'हॅव गन, विल ट्रॅव्हल'चा नायक पॅलाडिन पैसे घेऊन बंदूक चालवतो; पण त्याच्या ओळखपत्रावर बुद्धिबळातला घोडा छापलेला असतो आणि संभाषणात तो शेक्सपिअर उद्धृत करतो. पुढे 'स्टार ट्रेक' निर्माण करणाऱ्या जीन रॉडेनबेरीने या मालिकेचे बरेच भाग लिहिले.

हे सारे स्मरणात उरते का? फारसे नाही. उरतो तो पांढऱ्या घोड्यावरचा स्वार, ओळखीची सुरावट, आणि तासाभरात निकालात निघणारा न्याय. म्हणजे स्मरणरंजन मूळ कलाकृतीवरही अन्याय करते. तिच्यातला संशय, थकवा, अपराधभाव गाळून टाकते. माणसे त्या मालिकेकडे परतत नसून, ती मालिका सुरू असताना घरात जी निश्चिंती होती तिच्याकडे परतत असतात. ही भूक खरी आहे आणि तिची टिंगल करण्यात अर्थ नाही.

रंजनाची दुसरी बाजू व्यापाराची. 'बोनान्झा' ही मालिका १९५९ मध्ये सुरू झाली आणि १९७३ पर्यंत चालली. बहुतेक कार्यक्रम काळेपांढरे असताना ती पहिल्या भागापासून रंगीत होती. तिची वाहिनी एनबीसी ही आरसीए या कंपनीच्या मालकीची, आणि आरसीए रंगीत दूरचित्रवाणी संच विकत होती. हिरवे डोंगर, निळे सरोवर हे दृश्य नेवाडाचे खरे. पण ते घरोघर पोहोचावे यामागे संच खपवण्याची गरजही होती. एका पिढीच्या मनातला 'पश्चिम' इतका रंगीत आहे, त्याचे एक कारण असे दुकानात सापडते.

'बोनान्झा'च्या सुरुवातीला पडद्यावर एक नकाशा दिसतो, तो मध्यभागी पेटतो आणि त्यातून कार्टराइट घराण्याचे घोडेस्वार पुढे येतात. नकाशात टाहो सरोवराकाठची त्यांची जहागीर, 'पाँडेरोसा', दाखवलेली आहे. ते सरोवर वॉशो या मूळ रहिवाशांच्या भूमीचे केंद्र होते. नकाशात त्यांचे नाव नाही. मालिकेत आदिवासी येतात, कधी सहानुभूतीनेही येतात. पण पाहुणे म्हणून येतात. कार्टराइटांच्या स्वयंपाकघरात हॉप सिंग नावाचा चिनी आचारी आहे. ही भूमिका करणारे व्हिक्टर सेन युंग सॅन फ्रान्सिस्कोत जन्मले होते आणि बर्कलेच्या विद्यापीठात शिकले होते. पडद्यावर मात्र त्यांना मोडकेतोडके इंग्रजी बोलावे लागे, आणि त्यावर प्रेक्षकांनी हसावे अशी अपेक्षा असे.

या मालिकेला अन्याय दिसत नव्हता, असे म्हणणे चूक ठरेल. १९६० मधल्या 'द फिअर मर्चंट्स' या भागात चिनी लोकांविरुद्धचा द्वेष हाच विषय आहे. १९६२ च्या एका भागात भौतिकशास्त्रज्ञ मायकेलसन यांचे बालपण आणि ज्यू म्हणून शाळेत त्यांना सोसावा लागलेला दुजाभाव आहे. त्या काळाचा विचार करता ही धिटाई होती. तरी रचना पाहावी. अन्याय झालेला माणूस एका भागापुरता येतो, कार्टराइट त्याला न्याय मिळवून देतात, आणि पुढच्या आठवड्यात तो नसतो. पीडिताच्या वाट्याला तासही पुरता येत नाही, जहागीरदाराच्या वाट्याला चौदा वर्षे येतात. प्रश्न कुणाविषयी सहानुभूती आहे हा नसून गोष्ट कुणाच्या मालकीची आहे, हा आहे.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे 'द लोन रेंजर' (१९४९-५७) मधला टोंटो. ही भूमिका जे सिल्व्हरहील्स यांनी केली. ते कॅनडातील सिक्स नेशन्स वसाहतीत जन्मलेले मोहॉक होते, म्हणजे आदिवासीची भूमिका खऱ्या आदिवासीला मिळाली होती, जे त्या काळी दुर्मीळ होते. पण त्याला बोलायला दिली ती क्रियापदांची मोडतोड केलेली भाषा. 'तोंतो' या शब्दाचा स्पॅनिशमध्ये अर्थच मूर्ख असा होतो. तरी सिल्व्हरहील्स यांच्या अभिनयात एक शांत प्रतिष्ठा आहे. संवाद जे हिरावून घेतात ते त्यांची नजर परत मिळवते. पुढे १९६० च्या दशकात त्यांनी लॉस एंजेलिसमध्ये आदिवासी नटांसाठी कार्यशाळा सुरू केली. आपल्यानंतर येणाऱ्याला धड वाक्य मिळावे, ही त्यामागची तळमळ असावी असे आम्हांला वाटते.

दुसरे उदाहरण आमच्या वाचकांच्या अधिक ओळखीचे. मुस्तफा अक्काद यांचा 'द मेसेज' (१९७६) ज्यांनी पाहिला असेल, त्यांना त्यातला अबू सुफियान आठवेल. ती भूमिका करणारे मायकेल अन्सारा सीरियात एका ख्रिस्ती अरब कुटुंबात जन्मले आणि लहानपणीच अमेरिकेत आले. वेस्टर्नच्या भरभराटीत ते 'ब्रोकन ॲरो' (१९५६-५८) मध्ये अपाची सरदार कोचीस झाले. नंतर 'लॉ ऑफ द प्लेन्समन' (१९५९-६०) मध्ये हार्वर्डला शिकलेला अपाची मार्शल झाले. आदिवासी नायक हवा तेव्हा निर्मात्यांनी अरब नट घेतला. खऱ्या मोहॉक नटाला साहाय्यकाची जागा दिली. निर्मात्याच्या लेखी सावळा चेहरा तेवढा पुरेसा होता. तो कुठल्या भूमीतून आला, कोणती भाषा बोलतो, याला महत्त्व नव्हते. अन्सारा यांनी त्या साच्यातही दमदार काम केले, म्हणून साचा निर्दोष ठरत नाही.

खऱ्या पश्चिमेत मात्र बरेच काही होते. गुरे हाकणाऱ्या काउबॉयपैकी सुमारे चौथा हिस्सा कृष्णवर्णीय असावा, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. 'रँच', 'रोडिओ', 'लासो' हे शब्दच स्पॅनिशमधून आलेले. १८५६ मध्ये अमेरिकी सैन्याने टेक्सासच्या किनाऱ्यावर उंट उतरवले, तेव्हा त्यांच्याबरोबर ओस्मानी साम्राज्यातून हाजी अली नावाचा उंटवान आला. (नाव वाचून मुंबईचा दर्गा आठवेल, त्याच्याशी याचा संबंध नाही.) गोऱ्या सोबत्यांनी त्याच्या नावाचे 'हाय जॉली' केले. वाळवंटातून रस्ता आखण्याच्या मोहिमेत तो होता. १९०२ मध्ये ॲरिझोनात वारला. क्वार्ट्झसाइट येथे त्याच्या कबरीवर दगडी पिरॅमिड असून त्याच्या टोकावर धातूचा उंट आहे. ज्या काळावर या मालिका उभ्या आहेत, तो गुरांच्या तांड्यांचा काळ जेमतेम वीस वर्षांचा. एकटी 'गनस्मोक' तितकीच वर्षे चालली. तरीही या मुख्य मालिकांपैकी एकीचाही नायक हाजी अलीसारखा माणूस झाला नाही. दूरचित्रवाणीच्या वेस्टर्नमध्ये कृष्णवर्णीय नटाला बरोबरीची प्रमुख भूमिका मिळायला 'द आउटकास्ट्स'ची (१९६८-६९) वाट पाहावी लागली, आणि ती मालिका एकाच हंगामात संपली.

आता हा विषय आपल्या दारात कसा येतो ते पाहू. क्लिंट ईस्टवूड 'रॉहाइड' (१९५९-६५) या मालिकेत काम करत असतानाच सर्जिओ लिओनीच्या चित्रपटासाठी युरोपात गेला. लिओनीच्या वेस्टर्नपटांचा ठसा 'शोले'वर (१९७५) आहे, हे सर्वमान्य आहे. म्हणजे डॉज सिटी आणि रामगढ यांच्यात फार अंतर नाही. रामगढातही एक माणूस कडेला उभा आहे : अंध इमामसाहेब, ए. के. हंगल यांनी साकारलेले रहीम चाचा. त्यांचा मुलगा अहमद (सचिन) मारला जातो आणि त्यांचा शोक गावाला धीर देण्याच्या कामी येतो. सलीम-जावेद यांनी हे पात्र प्रेमाने लिहिले, प्रेक्षकांनी प्रेमाने जपले. पण तुलना टाळता येत नाही. टोंटोला धड वाक्य नव्हते. इमामसाहेबांना वाक्य होते, पण स्वतःची गोष्ट नव्हती. चांगुलपणा हीच दोघांची नोकरी. म्हणूनच टोंटोला पाहताना मराठी मुस्लिम वाचकाला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

यावर उपाय म्हणून जुन्या मालिका पाहूच नयेत, असे सांगणारे अमेरिकेत आहेत. आणि त्यांतले एक अक्षरही तपासू नये, असे सांगणारेही आहेत. आम्हांला दोन्ही भूमिका आळशी वाटतात. स्वेतलाना बॉयम यांनी आपल्या २००१ सालच्या ग्रंथात गतकाळाच्या ओढीचे दोन प्रकार सांगितले : एक, हरवलेले घर जसेच्या तसे पुन्हा बांधू पाहणारी, दुसरी, ते हरवले आहे हे मान्य करून त्याचा विचार करणारी. पहिल्या ओढीला शत्रू लागतो, कारण घर कुणीतरी पाडले असे तिला वाटत राहते. दुसरीला फक्त प्रामाणिकपणा लागतो.

मॅट डिलनवर प्रेम करणाऱ्या म्हाताऱ्याचे प्रेम काढून घेण्याचा आम्हांला हक्क नाही. त्याने तोच भाग पुन्हा पाहावा, पण या वेळी नजर थोडी कडेला न्यावी. आचाऱ्याकडे, साहाय्यकाकडे, नकाशात नसलेल्या नावाकडे. आज आपल्या घरांतली मुलेही ऐतिहासिक मालिका पाहत मोठी होत आहेत, आणि पन्नास वर्षांनी तीही त्यांच्याविषयी हळवी होतील. ती कोणत्या मालिका जपतील हे आपल्या हातात नाही. पण ही गोष्ट कोणाची आहे आणि कोण नुसता उभा आहे, एवढे विचारण्याची सवय त्यांना आजच लावता येईल.