एका पानाचे कथाबीज

गेल्या वर्षी आमच्या धर्मग्रामातील एका तरुणाने एक कागद आमच्यापुढे ठेवला. पटकथालेखकांच्या एका कार्यशाळेला त्याला आपले कथाबीज पाठवायचे होते. “फादर, एवढे तपासून द्या,” इतकेच तो म्हणाला. कथा एका वृद्धेची होती. वाडी विकली गेली, तरी ती पहाटेच्या गाडीने रिकामी टोपली घेऊन दादरच्या फुलबाजारात जाते. आम्ही तांबडी पेन्सिल उचलली. रिकाम्या टोपलीचे वाक्य चमत्कारिक वाटले म्हणून खोडले आणि शेवटी श्रद्धा, त्याग व कौटुंबिक ऐक्य यांवर सहा ओळी जोडल्या. पंचवीस वर्षे प्रवचने लिहिणाऱ्या हाताला दुसरे काय सुचणार! त्याची निवड झाली नाही.

त्यानंतर रितेश बत्रा यांचा ‘द लंचबॉक्स’ (२०१३) आम्ही पुन्हा पाहिला, तो या कागदाचे ओझे मनावर घेऊनच. हा चित्रपटही अशाच वाटेने आलेला आहे. इटलीतील तोरिनो फिल्म लॅबमध्ये त्याच्या संहितेला मार्गदर्शन मिळाले. रॉटरडॅमच्या सिनेमार्टमध्ये लेखक-दिग्दर्शक आपली कल्पना निर्मात्यांपुढे मांडतात. तेथे २०१२ साली परीक्षकांनी त्याचा गौरवाने उल्लेख केला. आपल्याकडेही राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाने २००७ पासून पटकथालेखकांसाठी असा उपक्रम चालविला आहे.

मुळात बत्रांना डबेवाल्यांवर माहितीपट करावयाचा होता. त्यांच्यासमवेत हिंडताना घराघरांतील गोष्टी कानी पडल्या आणि माहितीपट मागे राहिला. एका वाक्यात सांगायचे तर कथा एवढीच: इलाने नवऱ्यासाठी पाठविलेला डबा चुकून एका विधुर कारकुनाकडे जातो. हे वाक्य ऐकणाऱ्याचे कान टवकारते खरे. परंतु तो केवळ योगायोग आहे, आणि योगायोगावर दोन तास तगत नाहीत.

चित्रपट तगतो तो साजन फर्नांडिसमुळे. (साजन हे नाव आमच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत अद्याप चढलेले नाही, हे जाता जाता नमूद करतो.) हा वांद्र्याचा कॅथलिक, पण त्याला ओळखू यावे म्हणून लेखकाने त्याच्या हाती जपमाळ दिलेली नाही. तो इलाला चिठ्ठीत कळवितो की, पत्नीला आडवी कबर मिळाली, आपल्याला मात्र उभी देऊ करीत आहेत. जन्मभर गाड्यांतून उभ्याने प्रवास केला, आता मेल्यावरही उभेच राहायचे! आमच्या दफनभूमीतील जागेसाठी कुटुंबे येऊन बसतात तेव्हा आम्ही काय पाहतो, ते या माणसाने कोठून पाहिले? समोरच्या घरातील कुटुंब जेवायला बसते, साजन सज्जातून पाहत राहतो आणि एक मुलगी खिडकी लावून घेते. एकाकीपणावर एक शब्दही उच्चारला जात नाही. वरच्या मजल्यावरच्या देशपांडे काकू तर दिसतही नाहीत. भारती आचरेकरांचा नुसता आवाज आणि दोरीला लोंबणारी टोपली.

शेवट मोकळा सोडला आहे. ती दोघे भेटतात की नाही, असे आमच्या धर्मग्रामातील भगिनी अजून विचारतात. शेखचे उपकथानक आम्हांला थोडे सजावटीचे वाटले, तेही सांगून टाकतो.

अशा कार्यशाळा बहुधा पानभर सारांश मागतात आणि ही कथा आपणच का लिहावी, याचे निवेदनही. त्या तरुणाचे उत्तर रिकाम्या टोपलीत होते. गाडीतल्या बायका त्या वृद्धेसाठी तिची नेहमीची जागा धरून ठेवतात, टोपली सोडली तर ती जागा जाईल, असे त्याने पुढे लिहिले होते. आम्ही तेथवर वाचलेच नव्हते.

या महिन्यात तो नवा कागद घेऊन आला. टोपली आता पहिल्याच ओळीत आहे. आमच्या सहा ओळी नाहीत. आम्ही दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले आणि कागद परत केला.