सपाता आणि फुलांचं दुकान

'ती फुलराणी' मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा पुण्यात येऊन मला वर्षही झालं नव्हतं. वर्गात 'पाणी'ऐवजी 'पानी' निघून गेलं, की मागच्या बाकावरून खसखस पिकायची. नाटकात मंजुळा बोलायला लागली तेव्हा प्रेक्षागृह हसलं. मीही हसले. घरी परतताना त्या हसण्याची लाज वाटत राहिली. त्या लाजेपोटीच पुढे जॉर्ज बर्नार्ड शॉचं मूळ 'पिग्मॅलिअन' वाचायला घेतलं.

वाचताना अडले ती शेवटावर. हिगिन्स एलायझाला काही वस्तू आणायला सांगतो आणि ती निघून जाते. ती परत येईल अशी त्याला खात्री आहे, नाटक मात्र तसं म्हणत नाही. एप्रिल १९१४मध्ये लंडनला प्रयोग सुरू झाले, तेव्हा हिगिन्स करणाऱ्या हर्बर्ट ट्री यांनी शेवटी एलायझाकडे फुलं फेकायला सुरुवात केली. प्रेक्षकांना हवं ते मिळालं, शॉ मात्र संतापला. १९१६च्या पुस्तकात त्यानं एक लांबलचक उपसंहार जोडला : एलायझा हिगिन्सशी नव्हे, फ्रेडीशी लग्न करते. १९३८च्या चित्रपटात एलायझा परत आलीच. हिगिन्स तिला सपाता कुठे आहेत ते विचारतो आणि चित्रपट संपतो. त्याच चित्रपटाच्या पटकथेसाठी शॉला ऑस्कर मिळालं!

शॉच्या या भांडणाकडे बहुतेक जण म्हाताऱ्याचा हट्ट म्हणून पाहतात. मला त्यातच नाटकाचा गाभा दिसतो, आणि त्याचं मूळ शॉच्या आयुष्यात आहे.

१८५६ साली डब्लिनमध्ये शॉ जन्मला ते घर प्रतिष्ठित म्हणवणाऱ्यांतलं, पण कफल्लक. वडील धान्याच्या व्यापारात अपयशी आणि दारूच्या आहारी गेलेले. पंधराव्या वर्षी तो जमिनींच्या एका एजंटाकडे कारकुनीला लागला. आई गाणं शिकवायला लंडनला गेली होती. १८७६मध्ये तोही तिथे पोचला आणि पुढची कित्येक वर्षं लेखनातून जवळजवळ काहीच कमावू शकला नाही. पाच कादंबऱ्या लिहिल्या, त्या प्रकाशकांनी परत पाठवल्या. आईच्या कमाईवर जगणारा हा तरुण रीतभात जाणत होता, भाषा जाणत होता. खिशात मात्र दमडी नव्हती. सभ्यपणावर पोट भरत नाही, हे त्याला कुणी पुस्तकातून शिकवायची गरज नव्हती.

म्हणून चौथ्या अंकात, पैज जिंकल्यावर, एलायझा प्रेमाबद्दल बोलत नाही. ती विचारते, आता माझं काय होणार? पूर्वी ती फुलं विकायची. 'लेडी' झाल्यावर तिच्याकडे विकण्याजोगं एकच उरलंय, ती स्वतः. आणि हिगिन्स तिला एखादा नवरा बघ म्हणून सुचवतो. १८९३मध्ये लिहिलेल्या 'मिसेस वॉरेन्स प्रोफेशन'मध्ये शॉनं हेच मांडलं होतं : बाईच्या कष्टाला पुरेसा मोबदला न देणारा समाजच तिला शरीर विकायला लावतो. ते नाटक इंग्लंडमध्ये सेन्सॉरनं १९२५पर्यंत जाहीरपणे होऊ दिलं नाही. 'पिग्मॅलिअन' विनोदी म्हणून सुटलं, इतकंच.

उपसंहार वाचायला रूक्ष आहे, पण तो मला फार आवडतो. एलायझा आणि फ्रेडी फुलांचं दुकान काढतात, तेही कर्नल पिकरिंगच्या पैशांवर. दुकान तोट्यात जातं, कारण दोघांनाही हिशेब येत नाही. मग ते क्लासांना जातात, शॉनं स्वतः स्थापनेत हातभार लावलेल्या लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचाही दरवाजा ठोठावतात. एलायझा हिगिन्सकडे सुंदर अक्षर काढायला शिकते. म्हणजे उच्चार सुधारले, तरी बाकीचं शिक्षण राहिलंच होतं. सरदारिणीसारखं बोलता येणं आणि दुकान चालवता येणं यांतलं अंतर रंगभूमीवर दाखवणं कठीण आहे. पण ते न दाखवता तिला सपातांपाशी परत आणलं, की नाटकानं विचारलेला प्रश्नच पुसला जातो.

तरी शॉला सगळं श्रेय देऊन मोकळं होता येत नाही. त्याच्यातही एक हिगिन्स होताच. बीबीसीवर इंग्रजी कसं उच्चारावं हे ठरवणाऱ्या समितीचा तो अध्यक्ष झाला, आणि स्वतःचा डब्लिनचा हेल त्यानं शेवटपर्यंत सोडला नाही. इंग्रजीसाठी नवी लिपी करायला त्यानं मृत्युपत्रात पैसे ठेवले. इथवर ठीक. पण १९३१मध्ये रशियाला जाऊन तो स्टॅलिनवर खूश होऊन परतला आणि तिथल्या उपासमारीच्या बातम्या खोट्या ठरवू लागला. माणसं वरून घडवता येतात, या कल्पनेची भुरळ त्याला पडली होती. हिगिन्सला घडवलेली मुलगी दिसते, तिचं पुढचं जगणं दिसत नाही. हा दोष एलायझाच्या तोंडून इतका नेमका सांगणारा लेखक स्वतः मात्र त्यातून सुटला नाही.

तरीही त्या भांडणात मी त्याच्याच बाजूची आहे. माझा 'ण' सुधारला त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यानं हसणं थांबलं, हे खरं. नोकरी मात्र टायपिंग आणि जमाखर्च शिकल्यावरच मिळाली.