‘सैराट’चा वेग आणि आपल्या लग्नाचे व्हिडिओ

‘सैराट’ २०१६ साली आला, तेव्हा सीमेच्या अलीकडेपलीकडे सगळीकडे चर्चा झाली ती त्याच्या शेवटच्या नि:शब्द दृश्याची. ती व्हायलाच हवी होती. मला मात्र वाटते की, त्या दृश्याची तयारी दिग्दर्शक नागराज मंजुळे यांनी पूर्वार्धातच करून ठेवली आहे, आणि तीही अगदी उलट मार्गाने.

‘याड लागलं’ या गाण्यात परश्या शेतातून धावतो तो संथ गतीने, ज्याला आपण सगळेच स्लो मोशन म्हणतो त्या गतीने. अजय-अतुल यांचा भव्य वाद्यवृंद त्याच्या पावलांखाली पसरलेला असतो. काही जाणकार मित्रांना ही हिंदी सिनेमाची उसनवारी वाटली. मला तसे वाटत नाही. मासेमारी करणाऱ्याच्या पोराला पाटलाच्या मुलीकडे गावात उघडपणे क्षणभरही पाहायला मिळत नाही. गाणे तो क्षण लांबवून त्याच्या पदरात टाकते. म्हणजे हा वेग कॅमेऱ्याचा नाही, परश्याच्या नजरेचा आहे.

पुढे दोघे हैदराबादला पोचतात आणि ही चैन संपते. वस्तीतली खोली, डोशाची गाडी, कारखान्यातले काम, आर्चीची तेलुगू शिकण्याची धडपड, सगळे रोजच्या वेगाने चालते. शेवटी माहेरची माणसे भेटवस्तू घेऊन येतात, आर्ची त्यांना चहा करते. हत्या आपल्याला दाखवलेली नाही. शेजारणीबरोबर बाहेर गेलेले मूल परत येते, रडते, आणि रक्ताची पावले उमटवीत दाराबाहेर चालू लागते. आवाज पूर्ण बंद. चाल मात्र साधी, लहान मुलाची असते तशीच. एखाद्या कच्च्या हाताने नेमके इथेच चित्र संथ केले असते आणि वर व्हायोलिन लावले असते. मंजुळे यांनी वेळ ताणला तो प्रेमासाठी, मरणासाठी नाही.

मरण संथ गतीने दाखवूच नये, असा नियम अर्थातच नाही. कुरोसावा यांच्या ‘सेव्हन समुराई’ (१९५४) या जपानी चित्रपटात लहान मुलाला ओलीस धरलेला चोर खोपटातून बाहेर येतो आणि संथ गतीने कोसळतो. पण आत झालेला वार आपण पाहिलेला नसतो. काय घडले ते त्या पडण्यातूनच उलगडायचे असते, म्हणून तिथे प्रेक्षकाला जास्तीचा वेळ खरोखरच लागतो.

आता थोडे तंत्राविषयी. सिनेमात सेकंदाला २४ चित्रे दाखवली जातात. टिपताना ४८ टिपली आणि २४च्या वेगाने दाखवली, की क्रिया दुप्पट वेळ चालते. हल्ली मोबाईलसुद्धा १२० किंवा २४० चित्रे टिपतात. परंतु साध्या वेगाने टिपलेले दृश्य नंतर संकलनात ताणायचे म्हटले, तर मधली चित्रे आणायची कोठून? एक तर तेच चित्र पुन्हा दाखवायचे, म्हणजे हालचाल धक्के खाते. नाही तर संगणकाने अंदाजाने नवी चित्रे रचायची, म्हणजे मेंदीच्या हाताची बोटे एकमेकांत विरघळतात. हे दोष डोळ्यांना दिसतात, त्यामुळे त्यांची तक्रार तरी होते.

आवाजाची तक्रार कोणी करत नाही. दृश्य निम्म्या वेगाने चालवले, की त्याबरोबर मूळ आवाज एक सप्तक खाली उतरतो. नाजूक गळ्याची मुलगी घोगऱ्या पुरुषासारखी बोलू लागते. संगणकाने पट्टी सावरता येते, पण शब्द ताणले जातात ते जातातच. म्हणून संकलक मूळ आवाज काढून टाकतो आणि त्या जागी गाणे बसवतो. संथ झालेला माणूस बहुधा मुका होतो.

ही अडचण ओळखून तिचे सोने केले ते फ्रेंच दिग्दर्शक झाँ व्हिगो यांनी. त्यांचा ‘झेरो द काँद्युइत’ (१९३३) हा वसतिगृहातल्या मुलांच्या बंडाचा चित्रपट. (तो फ्रान्समध्ये १९४५ पर्यंत बंदीत होता. एका मुख्याध्यापकाने त्याची तरफदारी करावी हे आमच्या शिक्षकवर्गाला रुचणार नाही, पण इलाज नाही.) उशांची मारामारी होते, पिसे उडतात आणि त्या पिसांतून मुलांची मिरवणूक संथ गतीने निघते. संगीतकार मोरीस झोबेर यांनी या प्रसंगासाठी रचना केली, ती उलट्या क्रमाने लिहून वाजवून घेतली आणि ध्वनिमुद्रण पुन्हा उलटे फिरवले. त्यामुळे सूर ओळखीचे, पण त्यांचा श्वास निराळा. चित्राचा काळ बदलला तसा आवाजाचाही बदलला. मुलांच्या तोंडचे शब्द इथेही नाहीत, परंतु त्यांच्या जागी वाटेल ते गाणे आणून डकवलेले नाही.

आपल्याकडच्या लग्नाच्या व्हिडिओंत मात्र डकवलेलेच असते. वधू जिना उतरते ती संथ, वर फेटा बांधून घेतो तो संथ, पंगतीतला वाढपी जिलेबी वाढतो तोही समाधी लागल्यासारखा. माझा सरसकट विरोध नाही. मंगलाष्टकांनंतर उडालेल्या अक्षता हवेत कशा पसरतात, हे नुसत्या डोळ्यांना कधीच दिसत नाही. तिथे संथ गती काही तरी नवे दाखवते. पाठवणीला ती आली, की माझा जीव कळवळतो. त्या घटकेला घरातली माणसे बोलत असतात. आमच्या दुभाषी जिल्ह्यात आजीने नातीला दिलेला निरोप अर्धा मराठी, अर्धा कानडी असतो. वाक्य एका भाषेत सुरू होऊन दुसरीत संपते. हे बोलणे कोणत्याही पुस्तकात छापलेले नाही आणि ती पिढी तर दरवर्षी विरळ होत चालली आहे. व्हिडिओत आजीचे ओठ हलताना दिसतात, सुरकुत्यांवरचे पाणी चमकते, आणि ऐकू येते ते कुठल्याशा हिंदी चित्रपटातले गाणे.

मूळ चित्रणात ते शब्द बहुतेक वेळा असतात, कारण कॅमेरा आवाजही टिपत असतो. ज्यांच्या घरी येत्या तुळशीच्या लग्नानंतर कार्य आहे, त्यांनी सजवलेल्या प्रतीबरोबर हे न कापलेले चित्रणही ठरवतानाच मागून घ्यावे. आठ-पंधरा दिवसांनी मागाल, तर कार्ड पुसून छायाचित्रकार पुढच्या मांडवात गेलेला असेल.