‘सूर्यचूल’ या संज्ञेविषयी

सौर पाकसाधनांच्या प्रचारार्थ मराठीत जे लेखन झाले आहे, त्यात ‘सूर्यचूल’ ही संज्ञा सर्रास योजिली जाते. संज्ञा सुबक आहे. ती यथार्थ आहे काय, एवढाच प्रश्न येथे उपस्थित करावयाचा आहे.

हिंगोली जिल्ह्यातील जवळा बाजारसारख्या गावी ‘चूल’ म्हटले की जाळ, आर, तवा आणि ज्वारीची भाकरी ही सारी त्या एका शब्दात येतात. भाकरी थापतात, तव्यावर टाकतात, तिच्यावर पाणी फिरवितात, ती उलटतात आणि अखेर आरावर शेकतात. ती ‘शिजवितात’ असे कोणी म्हणणार नाही. काचेचे झाकण व वर आरसा असलेली काळी पेटी स्वच्छ उन्हात साधारणतः १०० ते १४० अंश सेल्सिअसपर्यंत तापते. तीत वरणभात दोन-तीन तासांत शिजतो, शेंगदाणेदेखील सावकाश भाजले जातात. भाकरीस मात्र २०० अंशांपुढे तापलेला तवा लागतो. तेव्हा ‘चूल’ म्हणून पेटी घेणाऱ्या बाईस आपण फसलो असे वाटले, तर दोष तिच्या अज्ञानाचा नव्हे, नामकरण करणाराचा होय.

वस्तुतः योग्य शब्द चुलीपाशीच होता. चुलीला जोडून असलेली, तिच्याच धगीवर कालवण सावकाश शिजत ठेवण्याची जागा म्हणजे वैल. काही भागांत तिला औल म्हणतात. पेटीचे काम नेमके हेच आहे. वैलीला स्वतःचा जाळ नसतो, हा आक्षेप कोणी घेईल. पण तो पेटीलाही कोठे असतो? पहाटे भाकरी करून मजुरीस जाणारी बाई डाळ उन्हात लावून जाऊ शकेल. संध्याकाळची चूल पेटवावी लागेलच, पावसाळ्यात तर दोन्ही वेळा.

विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८७८ साली मुंबईत प्रसिद्ध केलेल्या पुस्तकाच्या नावातच सौर उष्णतेस उष्ण प्रदेशांतील ‘इंधनाचा पर्याय’ म्हटले होते, चुलीचा नव्हे. हा भेद पुढे पुसला गेला आणि ‘परवडणारी’ या विशेषणाचा अर्थही त्याबरोबर बिघडला. पेटी घेऊन चूल सुटत नाही. म्हणून तिची किंमत वैलीच्या मोलानेच जोखली पाहिजे. शिवाय जेथे तुराट्या-पऱ्हाट्या शेतातून फुकट येतात, तेथे वाचतात ते रुपये नव्हेत, तर मोळी वाहणाऱ्या बाईचे श्रम आणि तिच्या डोळ्यांत जाणारा धूर. आणि घरात पैसा ज्याच्या हाती असतो, तो बहुधा मोळी वाहत नाही.