अगारची कृती आणि किल्लारीचा उन्हाळा

शालेय प्रयोगपुस्तिकांतील ‘अगार माध्यम तयार करणे’ हा पाठ बहुधा पाककृतीसारखा असतो. लिटरभर पाण्यात १५ ग्रॅम अगार व पोषकद्रव्ये घ्या, १५ पौंड दाबाखाली १२१ अंश सेल्सिअसला १५ मिनिटे ठेवा, बशांत ओता. प्रमाणे बरोबर आहेत. मात्र हा प्रयोग कोणत्या गावात, कोणत्या महिन्यात होणार याचा विचार त्यात नसतो.

किल्लारीचेच पाहा. १९९३ च्या भूकंपानंतर नव्या जागी वसलेले हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच पठारावर आहे. तेथे हवेचा दाब कमी, म्हणून कुकरमध्ये १२१ ऐवजी साधारण १२० अंश मिळतात. पाच मिनिटे जास्त ठेवली की भागते. (शिट्ट्या मोजत बसू नये, घड्याळ लावावे.)

खरी अडचण पुढे आहे. कॉखच्या प्रयोगशाळेत पूर्वी जिलेटीन वापरत. ते उन्हाळ्यात पातळ होई. १८८१ मध्ये फॅनी हेसे यांनी स्वयंपाकातले अगार सुचवले. ते ८५ अंशांजवळ वितळते आणि गोठते मात्र ४० च्या खाली. हा गुण पुस्तिका कौतुकाने सांगतात आणि लगेच लिहितात, ‘बशा खोलीच्या तापमानाला ठेवा.’ थंड हवेत ही सूचना सुरक्षिततेची आहे, कारण माणसाला बाधणारे बरेच जंतू २० ते २५ अंशांना सावकाश वाढतात. किल्लारीत एप्रिलमध्ये वर्गखोलीच ३७ अंशांवर जाते, म्हणजे खोलीचे उबवणी यंत्र झाले! त्यामुळे हा प्रयोग डिसेंबर-जानेवारीतच करावा. थुंकी, गटार यांचे नमुने मुळीच घेऊ नयेत. बशा चिकटपट्टीने बंद कराव्यात, वाढ झाल्यावर उघडू नयेत आणि टाकण्यापूर्वी पुन्हा कुकरमधून काढाव्यात. याविषयी अवाक्षर नसलेली पुस्तिका मुलांच्या हाती देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

साठवणीबद्दल तर ‘फ्रिजमध्ये ठेवा’ एवढेच असते. बशा उलट्या ठेवाव्यात, नाहीतर झाकणावरचे पाणी माध्यमावर ठिबकते. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधल्या नाहीत तर कोरड्या हवेत माध्यम आकसून तडकते. बर्फाच्या कप्प्यात ठेवल्यास पाणी वेगळे होऊन माध्यम वाया जाते. वीज बेभरवशाची असेल तर बशा भरून ठेवूच नयेत. माध्यम फिरकीच्या झाकणाच्या बाटल्यांत निर्जंतुक करून थंड, अंधाऱ्या कपाटात ठेवावे. लागेल तेव्हा उकळत्या पाण्यात वितळवावे, हाताला सोसेल इतके निवले की ओतावे. त्यातली एक बशी नमुना न लावता तशीच ठेवावी. तिच्यावर ठिपके उगवले, तर ते शेतातल्या मातीतले नव्हेत, आपल्या तयारीतले.