विस्थापितांची स्मृती आणि भूमीवरील हक्क : ‘द डिव्हायनर्स’मधील स्कॉटिश वारसा

स्थायिकांच्या वसाहतीतून घडलेल्या समाजाचे साहित्य वाचताना ‘जेते’ आणि ‘जित’ ही द्विदल मांडणी अपुरी पडते. कॅनडातील स्कॉटिश स्थलांतरितांचे उदाहरण या दृष्टीने उद्बोधक आहे. मेंढ्यांच्या कुरणांसाठी सदरलंडमधील कुळे जमिनीवरून हुसकावली गेली. त्यांपैकी काही कुटुंबे लॉर्ड सेलकर्कच्या योजनेनुसार १८१३ मध्ये निघाली आणि पुढील वर्षी रेड नदीच्या काठी पोहोचली. मात्र ती भूमी निर्मनुष्य नव्हती. तेथे मूलनिवासी समाज होते, तसाच फरच्या व्यापारातून उदयास आलेला मेटी हा मिश्रवंशीय समाजही होता. १८१६ मध्ये सेव्हन ओक्स येथे वसाहतीशी झालेल्या चकमकीत मेटींचे नेतृत्व करणारा कथबर्ट ग्रँट हा एका स्कॉटिश व्यापाऱ्याचाच पुत्र होता. १८८५ मध्ये मेटींचा नेता लुई रिएल फासावर गेला, तेव्हा देशाचे पंतप्रधान होते ग्लासगोत जन्मलेले जॉन ए. मॅक्डोनाल्ड. ज्यांची भूमी हिरावली गेली त्यांच्याच बांधवांनी दुसऱ्यांची भूमी व्यापली, हा या इतिहासातील मूळ पेच होय.

मार्गारेट लॉरेन्स (१९२६–१९८७) यांच्या ‘द डिव्हायनर्स’ (१९७४) या कादंबरीने हा पेच आपल्या रचनेतच सामावून घेतला आहे. अनाथ मोरॅग गन हिचा सांभाळ मानवाका या गावातील कचरा वाहणारा ख्रिस्ती लोगन करतो. सदरलंडच्या बेघर लोकांना धीर देऊन समुद्रापार आणणाऱ्या पायपर गनच्या कथा तो तिला सांगतो. गावाने हीन लेखलेल्या या माणसाला आणि आईबाप गमावलेल्या मुलीला या कथा कुळ देतात, प्रतिष्ठा देतात. तथापि त्याच कथांत गन आणि त्याचे लोक रिएलच्या अनुयायांकडून किल्ला परत जिंकतात. इतिहास वेगळा आहे : ऑगस्ट १८७० मध्ये वुल्सलीच्या फौजा पोहोचल्या तेव्हा रिएलने किल्ला सोडलेला होता. अन्यायाची स्मृती विजयाच्या आख्यायिकेत कशी रूपांतरित होते, हे येथे दिसते. याच घटनांच्या मेटी आवृत्त्या ज्यूल्स टोनेर मोरॅगला सांगतो. कादंबरी या दोन मौखिक परंपरा समोरासमोर ठेवते. त्यांतील एकीला प्रमाण ठरवत नाही.

परंतु या दोन परंपरांचे सामाजिक बळ समान नाही, याचीही लॉरेन्स यांना जाणीव आहे. ज्यूल्सची बहीण पिकेट आपल्या मुलांसह आगीत मरण पावते. स्थानिक वृत्तपत्रात काम करणारी मोरॅग तिच्याविषयी लिहिताना, तिचे आजोबा रिएलच्या बाजूने लढले होते, असा उल्लेख करते. संपादक लॅख्लन मॅक्लॅख्लन तो काढून टाकतो. गावातील अनेकांच्या मते ते आजोबा चुकीच्या पक्षाकडून लढले होते, हे त्याचे कारण. संपादकाचे स्कॉटिश नाव येथे योगायोगाने आलेले नाही. स्कॉटिश स्मृतीला शाळा, चर्च आणि छापखाना यांचे पाठबळ लाभले. मेटी स्मृती गाण्यांत आणि घरातल्या गोष्टींत उरली. स्थलांतरितांच्या प्रभावाचा खरा अर्थ गावांच्या नावांपेक्षा या खोडलेल्या ओळीत अधिक स्पष्ट होतो.

पुढे मोरॅग स्कॉटलंडला जाते. मात्र सदरलंड नजरेच्या टप्प्यात असूनही तेथे पाऊल ठेवत नाही. आपली भूमी ख्रिस्तीच्या कथांची, म्हणजे जन्मभूमीच, आहे असे तिला उमगते. येथे समीक्षकाने थांबून विचार करावयास हवा. पूर्वजांची भूमी नाकारून जन्मभूमी स्वीकारणे ही मोरॅगची मुक्ती असली, तरी त्या स्वीकाराने नव्या भूमीवरील हक्काचा प्रश्न सुटत नाही. उलट, स्थायिकाचे देशीपण सिद्ध करण्याची ती एक सूक्ष्म रीत ठरू शकते. शिवाय ज्यूल्सच्या कथा वाचकापर्यंत पोहोचतात त्या मोरॅगच्या आठवणींतून. लेखणी अखेर गन घराण्याच्याच हाती राहते.

कादंबरी या आक्षेपाला पूर्ण उत्तर देत नाही. पण त्याची दखल घेते. ‘द स्टोन एंजल’मध्ये (१९६४) करी घराण्याचे मानचिन्ह टोनेर कुटुंबाकडे जाते आणि बदल्यात त्यांचा सुरा घराबाहेर पडतो. ‘द डिव्हायनर्स’मध्ये मोरॅग तो सुरा ज्यूल्सला परत करते. त्यांची मुलगी पीक दोन्ही परंपरांच्या कथा ऐकत वाढते आणि स्वतःची गाणी रचू लागते. वारसा येथे रक्ताने आपोआप मिळत नाही. जे आपले नव्हते ते परत करावे लागते.

अ‍ॅलिस्टर मॅक्लाउड यांच्या ‘नो ग्रेट मिस्चीफ’शी (१९९९) तुलना केल्यास हा विशेष ठळक होतो. १७७९ मध्ये केप ब्रेटनला आलेल्या पूर्वजाच्या वंशजांची ती कथा कुळनिष्ठेचे हृद्य दर्शन घडवते. हायलँड सैनिकांच्या मरणाविषयी सेनापती वुल्फ यांनी दाखवलेल्या बेफिकिरीतून तिचे शीर्षक आले आहे. त्यामुळे साम्राज्याने ही निष्ठा कशी वापरून घेतली, हेही ती सुचवते. तरी तिची करुणा प्रामुख्याने कुळाच्या वर्तुळातच फिरते. लॉरेन्स ते वर्तुळ भेदतात. आपल्यावर झालेल्या अन्यायाची आठवण आपल्याला निर्दोष ठरवत नाही. दुसऱ्याचा अन्याय ऐकण्याची पात्रता मात्र ती देऊ शकते. ‘डिव्हायनर’ म्हणजे पाणाडी. जमिनीखालचे पाणी त्याला जाणवते; ते त्याच्या मालकीचे नसते.