‘नटसम्राट’ला लिअर पुरतो का?

शेक्सपिअरचा मराठी रंगभूमीवरील प्रभाव हा विषय निघाला की आपण याद्या काढतो. महादेवशास्त्री कोल्हटकरांचा ‘ऑथेल्लो’ (१८६७), महाजनींची ‘तारा’ (१८७९), आगरकरांचे ‘विकारविलसित’ (१८८३), देवलांचा ‘झुंजारराव’ (१८९०). अशी एक वही मीही वर्षानुवर्षे भरत आलो. पण कोणत्या नाटकावरून कोणते बेतले, एवढ्यावर प्रभाव मोजता येतो का, ही शंका ती भरता भरताच बळावत गेली.

पूनम त्रिवेदी व डेनिस बार्थोलोम्यूझ यांनी संपादित केलेल्या ‘इंडियाज शेक्सपिअर’ (२००५) या ग्रंथाने भाषांतराच्या जोडीला प्रयोगही अभ्यासाच्या कक्षेत आणला, हे मोठे काम झाले. पुढे ‘मकबूल’, ‘ओमकारा’, ‘हैदर’ या चित्रपटांनी अभ्यासकांचे लक्ष वेधून घेतले. या लाटेत ‘नटसम्राट’चा उल्लेख येतो तो बहुधा ‘किंग लिअरचे मराठी रूपांतर’ असा, एका ओळीत. माझी तक्रार त्या ओळीविषयी आहे.

कथानकाचा सांगाडा लिअरचा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण लिअरच्या नाटकात राणी नाही. इथे कावेरी आहे, आणि बेलवलकरांची फरफट ही दोघांची फरफट आहे. कॉर्डेलिया इथे नाही. विदूषकाची जागा, घ्यायचीच तर, बूटपॉलिश करणारा पोरगा घेतो. त्याचे नाव राजा! शिरवाडकरांनी त्याआधी मॅकबेथचा ‘राजमुकुट’ (१९५४) आणि ‘ऑथेल्लो’ (१९६१) मराठीत आणले होते. लिअरही तसाच आणणे त्यांना अवघड नव्हते. ते काम पुढे १९७४ मध्ये विंदा करंदीकरांनी ‘राजा लिअर’मध्ये केले. ही दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचली की फरक कळायला टीकाकाराची गरज उरत नाही.

१९७० च्या ‘नटसम्राट’मध्ये शिरवाडकरांनी राजाच्या जागी निवृत्त नट बसवला. बेलवलकरांपाशी राज्य नाही, जुन्या भूमिका आहेत. या नटामागे मला उभे दिसतात गणपतराव जोशी. शाहूनगरवासी मंडळीतला हा नट. शालेय शिक्षण बेताचे, पण ‘विकारविलसित’मधल्या चंद्रसेनाच्या, म्हणजे हॅम्लेटच्या भूमिकेने त्यांनी महाराष्ट्र झपाटून टाकला. हॅम्लेटचे मूळ पुस्तक ज्यांनी हाती धरले नव्हते, त्यांच्याही कानात तो उतरला, तो नटाच्या तोंडून. बेलवलकर ज्या भाषेत दुःख बोलतात, ती या परंपरेने घडवलेली भाषा आहे. म्हणून ‘नटसम्राट’ मला शेक्सपिअरच्या एका नाटकाचे रूपांतर वाटत नाही. शेक्सपिअर करणाऱ्या मराठी नटांच्या पाऊणशे वर्षांचे ते नाटक आहे. रूपांतराची चिठ्ठी चिकटवली की ही वर्षे गळून पडतात, आणि लंडनहून निघालेला प्रभाव थेट श्रीराम लागूंपर्यंत पोहोचल्यासारखा दिसतो.

हे घडण्याचे कारण साधे आहे. हॅरॉल्ड लिटलडेल यांनी बडोद्यात पाहिलेल्या ‘तारा’च्या प्रयोगावर १८८० मध्ये ‘मॅकमिलन्स मॅगझिन’मध्ये लेख लिहिला. तो इंग्रजीत असल्याने अभ्यासकांच्या हाती सहज लागतो, आणि मोलाचाही आहे. पण गणपतरावांचा चंद्रसेन गाठायचा तर नटांच्या आत्मचरित्रांत, कंपन्यांच्या आठवणींत आणि जुन्या मराठी नियतकालिकांच्या पिवळ्या पडलेल्या परीक्षणांत शिरावे लागते. माझ्या वहीतली यादी मी आता थांबवली आहे. मागच्या कोऱ्या पानांवर नाटकांऐवजी नटांची नावे लिहायला घेतली आहेत.